मातीच्या ट्रॅकचे मिस्त्री

बंद पडलेली गाडी समोर आली की मिस्त्री आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. गाडीवाल्याचं रडगाणं तोवर सुरू झालेलं असायचं. एसी गेला, ब्रेक कुरकुरतो, काल जॅममध्ये दोनदा बंद पडली. मिस्त्री दुसरा हात वर करून त्याला थांबवायचे.

"बिघडलंय काय ते मागाहून. आधी चालतंय काय ते सांगा."

माणूस गडबडायचा. बिघाडांची यादी प्रत्येकाला तोंडपाठ असते. काय चालतंय हे कोण लक्षात ठेवतं? मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे उभी राहिले तेव्हा घामाने निथळत होते आणि डोकं फिरलेलं होतं. म्हटलं, "रेडिओ चालतो. बाकी सगळं बोंबललंय."

"मग बॅटरी चांगली आहे," मिस्त्री म्हणाले. "एक काम कमी झालं."

मी रास अल खोरला स्पेअर पार्ट्सच्या एका गोदामात कागदपत्रं बघते आणि राहते शारजाला. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग मी दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर काढला आहे. मिस्त्रींचं गॅरेज आमच्या ऑफिसच्या समोर. मूळचे गुहागरकडचे, इथे तीस वर्षांहून जास्त, कुटुंब गावाला. पठाण त्यांना उस्ताद म्हणत, मल्याळी भाई म्हणत, आम्ही मराठी लोक मिस्त्री. नाव कुणीच घेत नसे. मीही इथे ते लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडायचं नाही.

त्यांच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक फोटो चिकटवलेला होता. काचा नसलेली, सगळीकडून चेपलेली एक गाडी आणि तिच्या शेजारी धुळीने माखलेले, तरुण मिस्त्री. मी विचारलं, "हा अपघात कुठला?"

ते दुखावले. "अपघात नाही मॅडम. पहिला नंबर."

मग मला सगळं कळलं. शारजाच्या पुढे, वाळू सुरू होते तिथे एका स्थानिक गृहस्थांची जमीन होती. सगळे त्यांना अरबाब म्हणत, म्हणजे मालक. त्यांनी हौसेखातर मातीचा गोल ट्रॅक बांधला होता. रस्त्यावरच्या साध्या गाड्या, निम्म्या तर भंगारातून उचललेल्या. सीटा आणि काचा काढायच्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करायचा आणि सुट्टीच्या दिवशी गोल गोल पळवायच्या. धक्के बसायचे, पत्रे चेपायचे, बघणारे बोंबलायचे. चालवायला टॅक्सीवाले, पेंटर, एखादा बँकेतला साहेब. अरबाब वारले आणि शर्यती थांबल्या. त्यालाही दहा-बारा वर्षं होऊन गेली होती.

"त्यात एवढं काय होतं?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

मिस्त्री नट पुसत बसले होते. "कंपनीत माझा नंबर आहे. लेबर कॅम्पात खाटेला नंबर आहे. आमची गाडी जिंकली त्या दिवशी अरबाबनी भोंग्यावरून माझं नाव घेतलं. आडनावासकट." एवढं बोलून ते गाडीखाली गेले.

त्यानंतर काही दिवसांनी अरबाबचा मुलगा गाडी दुरुस्तीला घेऊन आला. त्याला आम्ही छोटे अरबाब म्हणायला लागलो. बोलता बोलता तो म्हणाला की ट्रॅकची जागा ट्रेलर उभे करायला भाड्याने द्यायची ठरते आहे. मिस्त्रींचा हात बॉनेटवरच राहिला. शर्यती परत सुरू करा म्हणून ते काय काय बोलले ते मला समोरून ऐकू आलं नाही, पण मुलाचं उत्तर त्यांनी मला त्याच दिवशी शब्दाला शब्द सांगितलं.

"उस्ताद, आजकल कौन आएगा? तुम आदमी लाओ. एक दिन, सुबह. दस गाडी, पूरे मार्शल, स्टँड भरा हुआ. परमिशन मेरा काम. कुछ गडबड हुआ तो खलास."

फेब्रुवारीतला एक रविवार ठरला. हातात तीन महिने होते.

आता मिस्त्री माणसं कशी जमवत ते सांगायला हवं. दुपारच्या चहाला ते एकेका गॅरेजात जात. एक गाडी तुमच्या गॅरेजच्या नावाने उतरवा, शेजारच्याने तर कालच हो म्हटलंय, असं सांगत. मग शेजाऱ्याकडे जाऊन तेच सांगत. ते खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. त्यांनी खरं थोडं आधी सांगितलं, एवढंच. महिन्याभरात अकरा गाड्या झाल्या. ज्या दोन मालकांनी वर्षानुवर्षं एकमेकांना सलाम केला नव्हता, ते पिंजऱ्याचे पाइप कापायला एकाच मशीनवर यायला लागले.

प्रेक्षक जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ऊद मेथा भागात आपल्या लोकांचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता, तिथे मी मिस्त्रींना घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट घालून ते माइकसमोर उभे राहिले आणि दोन वाक्यांत संपले. "गाड्या आम्ही पळवतो. तुम्ही फक्त या." खाली बसलेल्यांनी प्रश्न विचारले. पार्किंग आहे का? सावली आहे का? मुलांना सर्टिफिकेट मिळेल का? माझी मुलगी मागून म्हणाली, "आई, इट्स जस्ट ओल्ड कार्स. हू विल कम?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मिस्त्रींना मात्र त्या प्रश्नांतच माणसं दिसली. सावलीचं विचारणाऱ्या गृहस्थांकडे ते सरळ गेले आणि म्हणाले, "सावली तुम्ही बघणार? मग तुम्ही सावली प्रमुख."

त्या दिवसापासून मार्शलांचं पदवाटप सुरू झालं. मराठी माणूस चार जणांत उभा राहिला की आधी मंडळ काढतो आणि मग अध्यक्षपदावरून फुटतो. मिस्त्रींनी अध्यक्षच ठेवला नाही. पाणी प्रमुख झाले, दोरी प्रमुख झाले, गाड्या मागे घेताना हात दाखवायला रिव्हर्स प्रमुख झाले. स्टिकरवाल्याकडून त्यांनी चमकणारे बिल्ले करून घेतले. कॅम्पातल्या पेंटर मंडळींनी बिल्ला शर्टावर लावून फोटो गावी पाठवले. मी गेट प्रमुख होते. हसू नका, तो बिल्ला अजून माझ्याकडे आहे.

रविवार उजाडला आणि लोक आले. खरोखर आले. कॅम्पातून बस भरून आली, ऊद मेथाची कुटुंबं डबे घेऊन आली, पठाणांची सगळी गल्ली आली. स्टँडवर दोनशेच्या आसपास माणसं बसली. छोटे अरबाब पायघोळ, पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात एका कडेला उभे होते. ॲम्ब्युलन्स बारा वाजेपर्यंतच थांबणार होती.

आणि इथे मी माती खाल्ली.

नव्या कामाला नारळ नको का फोडायला? मी पिशवीतून एक नारळ नेला होता. मिस्त्री म्हणाले, "बाहेर फोडू या मॅडम, गेटवर." मी म्हटलं, छे, शर्यत सुरू होते त्या रेषेवरच फोडायचा. माझं बघून आणखी पिशव्या उघडल्या. सावली प्रमुखांनी नारळ आणला होता, पाणी प्रमुखांनी आणला होता, आणि ज्या गॅरेजात एक तरी आपला माणूस होता त्या प्रत्येकाने आपल्या गाडीचा वेगळा आणला होता. एकूण नऊ निघाले. एका मालवणी पेंटरने गाऱ्हाणं घातलं. ट्रॅक चालू राहू दे, कुणाचं हाड मोडू नको, छोट्या अरबाबांना सुबुद्धी दे. प्रत्येक वाक्याला आम्ही "व्हय महाराजा" म्हणत होतो. तिसऱ्या वाक्यापासून पठाणही म्हणायला लागले. मग रेषेवरच्या दगडावर नऊ नारळ धडाधड फुटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि अकरा गाड्या प्रेक्षकांना सलामी द्यायला त्यावरूनच एक फेरा मारून आल्या.

सुरक्षा बघायला आलेले अधिकारी रेषेजवळ गेले. त्यांनी मातीतून करवंटीचा एक टोकदार तुकडा उचलून छोट्या अरबाबांना दाखवला. तुकडे टायरांना चिकटून सगळ्या ट्रॅकभर पसरले होते. भरधाव गाडीच्या चाकाखालून असा तुकडा उडाला तर सरळ स्टँडवर येणार. झाडू मारला तर ते मातीत गाडले जाणार. अधिकाऱ्यांनी मान हलवली. ट्रॅक असा असताना शर्यत सुटणार नाही. घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी होती.

तीन महिन्यांची मेहनत, सगळ्या गल्लीची, आणि मी एका नारळाने घालवली होती. मिस्त्रींकडे बघायची माझी हिंमत होईना. म्हटलं, "मिस्त्री, माझ्यामुळे सगळं बिघडलं."

ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते स्टँडकडे बघत होते. "बिघडलंय ते दिसतंय मॅडम. चालतंय काय ते बघा की. चारशे डोळे रिकामे बसलेत."

त्यांनी भोंगा मागितला नाही, भाषण केलं नाही. ट्रॅकवर उतरले, उकिडवे बसले, एक तुकडा उचलून खिशात घातला आणि दोन पावलं पुढे सरकले. मालवणी पेंटर त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मग कॅम्पातली अख्खी बस उतरली. मग पठाण सदऱ्याचे ओचे पसरून आले. ऊद मेथाच्या बायका साड्या खोचून, डबे रिकामे करून उतरल्या. माझी मुलगी उतरली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत माणसांची रांग झाली आणि ती रांग वाकून, मातीवर नजर लावून, त्या गोल ट्रॅकवर हळूहळू पुढे सरकत गेली. अर्ध्या फेऱ्यावर मी मान वर केली तर माझ्यापासून चौथ्या जागेवर छोटे अरबाब होते. त्यांच्या पांढऱ्या कंदुऱ्याचे गुडघे मातीने लाल झाले होते.

साडेअकराला अधिकाऱ्यांनी स्वतः चालत एक फेरा मारला आणि अंगठा वर केला.

शर्यत झाली. मी ती पाहिली नाही. त्याच वेळी कॅम्पाची दुसरी बस आली आणि गेट प्रमुख गेटवर गेली. भिंतीपलीकडून नुसती घरघर आणि आरडाओरडा ऐकू आला. परत येईतो धूळ खाली बसत होती आणि ॲम्ब्युलन्स निघाली होती.

छोटे अरबाब मिस्त्रींजवळ आले. "बाबा के टाइम में भी पब्लिक ऐसे नीचे नहीं उतरा," ते म्हणाले. "गर्मी के बाद, नवंबर से शुरू करो. इन्शाल्ला हर महीने."

आमच्या लोकांनी काय गोंधळ घातला म्हणता! मी तर नाचायचीच बाकी होते. मिस्त्री शांतपणे टायरात अडकलेला एक तुकडा स्क्रूड्रायव्हरने काढत होते. म्हटलं, "मिस्त्री, नोव्हेंबरात तुमच्या गॅरेजची गाडी पहिली आली पाहिजे हं!"

"येईल. मी नसेन." मान वर न करता ते म्हणाले. "साठ झाली मॅडम. कंपनी व्हिसा वाढवत नाही. एप्रिलात चाललो."

"कधी कळलं तुम्हाला?"

"दिवाळीत."

म्हणजे छोटे अरबाब गाडी घेऊन आले त्याच्याही आधी. मला आधी राग आला. तीन महिने हा माणूस सुट्टीचा एकेक दिवस उन्हात घालवत होता, प्रत्येक गॅरेजची पायरी झिजवत होता आणि पुढची एकही शर्यत त्याच्या वाट्याला येणार नव्हती. मी जवळजवळ ओरडलेच, "मग हे सगळं कोणासाठी केलंत?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. तुकडा खिशात टाकत ते म्हणाले, "मी बघितलंय ना. तुम्ही बघितलेलं नाही."

एप्रिलात ते गेले. विमानतळावर मी सोडायला गेले होते. काय बोलायचं ते मी ठरवून नेलं होतं. या देशात सोळा वर्षांत मी घर, ऑफिस आणि मधला रस्ता सोडून काही पाहिलं नाही. तुमच्यामुळे मला चार गल्ल्यांतली माणसं नावानिशी ठाऊक झाली. तुमचे उपकार आहेत. त्यातलं एक अक्षर बोलले नाही. उलट बॅगेत स्पॅनर भरलेत म्हणून वजन वाढलं, अशी त्यांच्यावर चिडत राहिले.  ठरवलेलं ते सगळं इथे लिहिते आहे, कारण तेव्हा जमलं नाही.

नोव्हेंबरातल्या पहिल्या शर्यतीला मी बिल्ला न लावता गेले. गेटवर दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं आणि स्टँडवर, अगदी पुढच्या ओळीत जाऊन बसले. निशाण पडलं. अकरा गाड्या एकमेकींना ढुशा देत वळणावर घुसल्या, एकीचा दरवाजा निखळून दोरीपर्यंत घरंगळत आला, मिस्त्रींच्या गॅरेजची निळी गाडी पाचव्या फेऱ्याला शेवटची होती आणि दहाव्याला तिसरी. मी बाकावर उभी होते. कधी उभी राहिले मला माहीत नाही. शेजारची अनोळखी बाई माझा दंड धरून तिच्या भाषेत किंचाळत होती आणि मी माझ्या. निळी गाडी शेवटी दुसरी आली.

संध्याकाळी मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी उचलला, मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी "मिस्त्री" म्हणायला तोंड उघडलं आणि घशातून नुसती खरखर निघाली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

 मग ते हसले.

"बसला का आवाज?" ते म्हणाले. "म्हणजे बघितलीत."