स्वतःचं घर, स्वतःचा वॉर्ड

नगरपालिकेत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत पिंप्राळ्याचा आमचा वॉर्ड बायकांसाठी सुटला आणि माझी थोरली बहीण उभी राहिली. तिला सगळी वस्ती अक्काच म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत ती शिवणवर्ग चालवायची. चिन्हही तिला शिलाई मशीनच मिळालं, त्याचं आम्हाला कोण अप्रूप! ती बोदवडचं सासर सोडून माहेरी आली त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. वस्तीत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

प्रचार सुरू झाला आणि चारच दिवसांत समोरच्या उमेदवार बाईंची रिक्षा आमच्या गल्लीत शिरली. टपावर कर्णा, आत माइक धरून बसलेला भाड्याचा माणूस. एरवी तो सिनेमाच्या जाहिराती करायचा, आवाज भारदस्त. आमच्या दारासमोर रिक्षा मुद्दाम हळू झाली आणि तो म्हणाला, "माता-भगिनींनो, ज्यांना स्वतःचं घर सांभाळता आलं नाही, त्या वॉर्ड काय सांभाळणार? नवऱ्यानं टाकलेल्या बाईला मत देणार, की घरंदाज सुनेला?"

मी भाकरी करत होते. तव्यावरची भाकरी जळाली तरी मला कळलं नाही. बाहेर धावले तोवर रिक्षा वळणावर पोहोचली होती आणि समोरच्या ओट्यावर बसलेले चार पुरुष हसत होते. त्यातल्या दोघांच्या मुली आमच्याकडे शिवण शिकत होत्या.

त्या संध्याकाळी नाना आले. अक्काला उभं करणारे पुढारी तेच. खुर्चीत बसून, चहा बशीत ओतत म्हणाले, "अक्का, गप्प राहायचं. चिखलात दगड मारला की शिंतोडे आपल्याच अंगावर. लोक विसरतात."

"नाना, चिखल अंगावर पडलाच आहे," अक्का म्हणाली. "तो धुवायचा की तसंच हिंडायचं, एवढंच सांगा."

आई दारातून म्हणाली, "धाकटीचं लग्न व्हायचंय गं. जरा तिचा विचार कर."

धाकटी म्हणजे मी. बी.एड. करत होते, कडेवरचं लेकरू नव्हते. माझ्या लग्नासाठी माझ्या बहिणीनं चौकाचौकातून शिव्या खायच्या? मी तसं बोलले, तर नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नानांबरोबर आलेला कार्यकर्ता पुढे सरकला. "उत्तर द्यायचंच असेल तर तसंच देऊ. त्या घरंदाज सुनेला मूलबाळ नाही. नवरा दुसरीकडे जातो म्हणतात. उद्या सकाळी आपली रिक्षा काढतो, बघा कसे गार पडतात."

खरं सांगते, मला ते पटलं होतं. त्यांच्या घरात असा जाळ लागायला हवा, असंच त्या क्षणी वाटत होतं.

अक्का म्हणाली, "तिच्या घरातलं तिनं सांगावं, सांगायचं असेल तेव्हा. माझ्या घरातलं मी सांगीन. आपल्या रिक्षावरून तिचं नाव निघालं, तर मी अर्ज मागे घेतला असं गावभर सांगत सुटेन."

"अर्ज मागे घ्यायची तारीख गेली," कार्यकर्ता म्हणाला.

"तरी सांगत सुटेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सार्वजनिक नळावर पाणी आलं होतं. बायकांची रांग थेट रस्त्यावर, हंडे-कळश्या मध्येच. तेवढ्यात तीच रिक्षा आली. तेच वाक्य. वाटेत हंडे असल्यामुळे तिला पुढे जाता येईना, आणि एकही बाई हंडा उचलेना. अक्का नळाच्या ओट्यावर चढली. भोंग्यापुढे तिचा आवाज पोहोचत नव्हता. तेव्हा रांगेतली एक म्हातारी रिक्षापाशी गेली आणि त्या माइकवाल्याला म्हणाली, "बंद कर रे तुना भोंगा!" त्यानं खरंच बंद केला. मग अक्काकडे वळून म्हणाली, "बोल वो माय. बठ्ठा ऐकी ऱ्हायनात." सगळ्या खरंच ऐकत होत्या.

"मला कुणी टाकलं नाही," अक्का म्हणाली. "मीच निघून आले. नवरा मारायचा, आणि तो मारायचा तेव्हा सासू दाराला बाहेरून कडी लावून बसायची. त्या घरात सांभाळण्यासारखा माझा जीव होता, तो सांभाळून आणला. आता तुम्ही मला पाण्याचं विचारा, गटारीचं विचारा. समोरच्या बाईंनाही तेच विचारा. त्यांच्या घरातलं मात्र विचारू नका."

टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. नळाखालचा हंडा भरून वाहत होता. एका बाईनं डोळ्यांना पदर लावला, दुसरीनं मान फिरवली. रिक्षा मागे सरकत निघून गेली आणि त्या गल्लीत पुन्हा आली नाही. बाकीच्या गल्ल्यांतून मात्र मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत तेच ओरडत राहिली. अक्का जमेल तिथे तिच्या मागोमाग जाऊन तेच उत्तर देत राहिली. घसा बसला तिचा.

ती हरली. थोडक्यात हरली, पण हरली. विजयाच्या मिरवणुकीत जीपवर हार घालून उभा होता तो त्या घरंदाज सुनेचा नवरा. निवडून आलेली ती बाई मागे डोक्यावर पदर घेऊन बसली होती. आमच्या दारासमोर जीप थांबवून त्यांनी गुलाल उधळला. दारातली रांगोळीसुद्धा लाल झाली. नाना आले आणि म्हणाले, "तुम्ही बोलला नसता तर निवडून आलो असतो." अजून ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं. जणू तिला भोंगा लावून बदनाम करणारे कुणी नव्हतेच, हरवलं ते तिच्या तोंडानं!

उमेदवारानं घाणेरड्या प्रचाराकडे दुर्लक्ष करावं, असं शहाणे लोक आजही सांगतात. सांगणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांच्या दारासमोर कधी रिक्षा थांबलेली नसते. त्याच रस्त्यावर, त्याच सकाळी, स्वतःच्या तोंडानं उत्तर द्यावं आणि दुसऱ्याच्या घरात शिरू नये. मला दुसरी रीत ठाऊक नाही. या रीतीनं जिंकता येतं असं मी म्हणत नाही.

पुढच्या निवडणुकीत वॉर्ड सगळ्यांना खुला झाला. या वेळी नाना स्वतः उभे राहिले आणि प्रचाराला चला म्हणून अक्काला न्यायला आले. बायकांत तिचा शब्द चालतो, हे तोवर त्यांना कळलं होतं. अक्का कापडावर खडूनं खुणा करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मी बोलले तर चालेल ना, नाना?"

नाना हसायला लागले. मी त्यांच्यासाठी ठेवलेला चहा मोरीत ओतला.