मागच्या सीटवरची सवारी

“पोट्टीच्या तोंडातून त आवाज निघत नाही, ते कायची कुत्री सांभाळते?”

बोरगावच्या घरी, मोठ्या बाबांच्या तेरवीच्या दिवशी, मी रिकाम्या पेल्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते तेव्हा हे वाक्य कानावर पडलं. बोलत होती माझी आत्या, मोठ्या बाबांची धाकटी बहीण. तिच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, पुऱ्या लाटता लाटता ती जे दिसतं ते म्हणत होती. त्यावर आई म्हणाली की सौंसरकडे ओळखीचा एक कोंबड्यांचा फार्मवाला आहे, त्याला राखणीला कुत्रं हवंच आहे, महिना झाला की टिकलीला त्याच्याकडे देऊन टाकू. “साखळी चांगली लंबी ठेवते म्हणते तो,” आईनं वर जोडलं. मी ताट तिथंच जमिनीवर ठेवलं आणि मागच्या अंगणात गेले. मोठ्या बाबांच्या पांढऱ्या व्हॅनचं मागचं दार उघडं होतं आणि टिकली मागच्या सीटवर, तिच्या ठरलेल्या जागी, समोर बघत बसली होती. त्या तेरा दिवसांत ती रोज सकाळी आपणहून तिथं जाऊन बसायची. संध्याकाळी माझे बाबा तिला दोन्ही हातांत उचलून खाली घ्यायचे. ती हिसका देत नसे, गुरगुरत नसे. फक्त स्वतःहून उतरत नसे.

बातमी आली ती सकाळी, पांढुर्ण्याला. आईचे हात कणकेत होते म्हणून फोन मी घेतला. पलीकडे मोठी आई होती, मोठ्या बाबांची बायको. नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “बाबाले दे वो. हे उठूनच नाही राहिले.” मी बाबांना फोन दिला आणि माझ्या खोलीत जाऊन उगाच लॅपटॉप सुरू केला. झोपेतच गेले ते, हृदय थांबलं. आदल्या संध्याकाळी बागेत संत्र्याच्या झाडांना टेकू लावून आले होते. मला त्या दिवशी रडू आलं नाही. लोकांना ते दिसलं असणार...

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तीस वर्षं त्यांनी सौंसर ते नागपूर खाजगी बस चालवली. त्यांच्या बसबद्दल आमच्या भागात एक गोष्ट सगळे सांगतात. म्हातारी बाई उतरायची असली की ते आरशात नाही, मागे वळून तिच्याकडे बघत, आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तिला जागचं हलू देत नसत. गाडी थांबली, मागून येणारी मोटारसायकल निघून गेली की मग म्हणत, “उतर वो माय. सावकाश. घाई नाही आपल्याले.” कंडक्टर वैतागायचा, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. पण त्यांच्या बसमधून उतरताना कुणी पडलं असं कधी झालं नाही. निवृत्त झाल्यावर बोरगावची संत्र्याची बाग आणि ही जुनी व्हॅन, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. तेवढ्यात मी टिकलीला घेऊन आले.

नागपूरला नोकरी करताना मी एका मेंढपाळ जातीच्या कुत्रीचं पिल्लू घेतलं. दिवसभर मेंढरांमागे धावण्यासाठी जन्मलेली ती जात, आणि मी तिला दोन खोल्यांत ठेवलं. तिनं चपला खाल्ल्या, उशा खाल्ल्या, घरमालकाचं पायपुसणं खाल्लं. मग काम घरून करता येईल अशी नोकरी मिळाली तशी मी तिला घेऊन पांढुर्ण्याला परत आले. तिचं कागदोपत्री नाव स्काय. मोठ्या बाबांनी तिच्या काळ्या कपाळावरचा पांढरा ठिपका बघितला आणि टिकली म्हटलं. दोन दिवसांत ती त्याच नावाला मान वळवू लागली. मला थोडा रागही आला होता.

मी तिला जे शिकवलं होतं ते इंग्रजीत, व्हिडिओ बघून, खोलीचं दार लावून. माझा आवाज लहानपणापासून बारीक. शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. घरात सगळे वऱ्हाडी बोलत आणि मी इंग्रजी शाळेतली, त्यामुळे वऱ्हाडी बोलायला गेले की चुलत भाऊ हसायचे, आणि इंग्रजी बोलले तर बाकीचे गप्प व्हायचे. शेवटी न बोलणंच सोयीचं झालं. माणसांचं त्यात फारसं अडत नाही. कुत्र्याचं अडतं.

ते मला कळलं हायवेवरच्या एका चहाच्या टपरीपाशी. मोठे बाबा गाडी चालवत होते, मी पुढे, टिकली मागे मोकळी, खिडकीतून अर्धी बाहेर. गाडी थांबली. मी मागचं दार उघडलं आणि ती माझ्या हाताखालून सरळ रस्त्यावर गेली. मी तिला हाक मारली असं मला वाटलं, पण मोठे बाबा नंतर म्हणाले की त्यांना काहीच ऐकू आलं नाही. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला. टिकली चाकापासून हातभर अंतरावर उभी होती, शेपूट हलवत. ट्रकवाला जे बोलला ते आम्ही ऐकून घेतलं. मोठ्या बाबांनी तिला उचलून आणलं, चहा न पिता गाडी वळवली, आणि एवढंच म्हणाले, “दार उघडलं म्हणजे उतराचं, असं थोडीच असते?”

दुसऱ्याच दिवशी ते कामाला लागले. सौंसरच्या चांभाराकडे बसून त्यांनी जाड निवारीचा छातीपट्टा शिवून घेतला आणि त्याला एक आखूड पट्टी लावली, जी सीटबेल्टच्या खाचेत अडकते. गळ्यातल्या पट्ट्याला बांधायचं नाही, ब्रेक लागला तर मान मोडते, हे त्यांनी मला बोटानं दाखवून सांगितलं. खिडकी चार बोटंच उघडी. उन्हात बंद गाडीत तिला दोन मिनिटंही एकटं ठेवायचं नाही, मग दुकानातलं काम राहिलं तरी चालेल. “गाडीत सुटं काहीच नसलं पाहिजे,” ते म्हणायचे, “सुटा डब्बाबी डोक्यात बसते. हे त सवारी आहे.” तेव्हापासून टिकली सवारी, म्हणजे बसमधली उतारू, झाली. चावी फिरवायच्या आधी ते विचारायचे, “सवारी बसली का?” आणि मी पट्टा ओढून बघितल्याशिवाय गाडी सुरू होत नसे.

तिच्या अंगातली रग मात्र पट्ट्यानं जाणार नव्हती. मी त्यांना फोनवर कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतींचे व्हिडिओ दाखवले. त्यांनी चष्मा लावून तीन-चार बघितले. पुढच्या रविवारी मी बोरगावला गेले तर बागेच्या कडेच्या मोकळ्या पट्ट्यात सगळं मांडलेलं. संत्र्यांनी लदलेल्या फांद्यांना लावायचे बांबूचे टेकू एका ओळीत रोवलेले, त्यांच्यामधून नागमोडी पळायला. रिकाम्या क्रेटवर आडवा बांबू, उडी मारायला. आंब्याला टांगलेलं बसचं जुनं टायर, त्यातून पार व्हायला. मोठी आई ओट्यावरून म्हणाली, “इतकं माह्यासाठी केलं असतं त मीबी उड्या मारल्या असत्या.” आणि माझा आवाज पुरत नाही म्हणून मोठ्या बाबांनी खिशातून कंडक्टरची जुनी शिटी काढून माझ्या हातात ठेवली. एक शिटी थांब, दोन शिट्या चाल. “इशारा एकदाच द्याचा,” ते म्हणाले. “कंडक्टरनं दहादा शिटी मारली त ड्रायव्हर कायले ऐकते?”

ते महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले होते. शनिवार-रविवार मी बागेत असायचे. टिकली टेकूंमधून अशी जायची की बांबू थरथरायचे पण पडायचे नाहीत. मला एक शब्दही बोलावा लागत नसे.

शिटी चालत नव्हती ती फक्त एका ठिकाणी. गाडीतून उतरताना. तिथं मोठ्या बाबांनी शब्द ठेवला होता, त्यांच्या बसमधला. दार उघडायचं, पट्टा सोडायचा, दोन्ही बाजूंनी रस्ता बघायचा, आणि मग म्हणायचं, “उतर वो माय.” तोवर टिकलीनं हलायचं नाही, समोर मटण ठेवलं तरी. ते पंधरा दिवसांत तिच्या अंगात असं मुरलं की दार सताड उघडं ठेवून आम्ही रामाकोन्याच्या बाजारात उभे राहायचो आणि ती सीटवर बसून असायची. लोक जमायचे बघायला. मोठे बाबा दरवेळी मला म्हणत, तू म्हण. मी मान हलवायचे. भर बाजारात, एवढ्या लोकांत, ‘वो माय’... मग तेच म्हणायचे. मी एकदा विचारलं की उतरायलाही शिटी का नको? ते म्हणाले, “शिटी गाडीले असते. उतरणाऱ्याले माणसाचा आवाज लागते.”

आमची चूक इथं झाली. टिकलीनं तो शब्द फक्त त्यांच्या आवाजात शिकला. मी एकटी तिला कुठं घेऊन गेले की दार उघडून त्यांना फोन लावायचे आणि फोन तिच्या कानाशी धरायचे. ते दाढी करत असोत, बागेत असोत, “रस्ता पायला का?” असं मला विचारून मगच म्हणायचे, “उतर वो माय.” एकदा छिंदवाड्याला लसीकरणासाठी जायचं होतं आणि ते लग्नात असणार होते, तर त्यांनी आदल्या दिवशीच ते रेकॉर्ड करून पाठवलं. अकरा सेकंदांचं. मागे मोठ्या आईच्या भांड्यांचा आवाज आहे.

नागपूरला आम्ही एका स्पर्धेतही गेलो. तिथं कळलं की मैदानात शिटी चालत नाही, फक्त आवाज. पहिल्या तीन उड्या टिकलीनं सवयीनं मारल्या. मग थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. मी तोंड उघडलं... दोराच्या पलीकडे मोठे बाबा दोन्ही हात मागे बांधून उभे होते. त्यांनी एक शब्द म्हटला असता तर ती धावली असती. त्यांनी म्हटला नाही. वेळ संपली. परतताना सौंसर आल्यावर ते आरशात टिकलीकडे बघून म्हणाले, “कुत्री त पास आहे. पेपर तुहाच होता.” आज वाटतं, त्या दिवशी गप्प राहणं त्यांना किती जड गेलं असेल.

तेरवीनंतर आम्ही व्हॅनमधूनच टिकलीला पांढुर्ण्याला आणलं. घरासमोर बाबा तिला उचलायला निघाले, तर मी त्यांना थांबवलं आणि फोनवरचं ते अकरा सेकंदांचं लावलं. “उतर वो माय.” टिकली एका उडीत खाली आली. आली ती थेट ड्रायव्हरच्या दारापाशी गेली. दाराची फट हुंगली, गाडीला दोन चकरा मारल्या, गाडीखाली डोकावली. मग ड्रायव्हरच्या दाराकडे तोंड करून बसली, अंधार पडेपर्यंत. बाबा आत निघून गेले. मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं नाही. पुसलेलंही नाही.

त्यानंतर मी न्हाणीघरात नळ सोडून तो शब्द म्हणून बघायचे. आईनं एकदा बाहेरून विचारलं, कोणाशी बोलून राहिली वो? गाडीपाशी मात्र माझ्या ओठांतून जे निघायचं ते टिकली कान टवकारून ऐकायची, माझ्या तोंडाकडे बघायची आणि बसून राहायची. तिला ते ओळखीचं वाटत असावं, पण खात्री नसावी. मलाच नव्हती.

हे लिहिते आहे तेव्हा टिकली टेबलाखाली माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपली आहे. ती इथं आहे ती त्या दिवसामुळे, महिन्याच्या कार्यक्रमाच्या.

पांढुर्ण्याहून बोरगावपर्यंत त्या दिवशी व्हॅन मी चालवली, मोठे बाबा गेल्यावर पहिल्यांदाच. शिकवली त्यांनीच होती. बाबा शेजारी बसले होते, मागे टिकली पट्ट्यात. निघताना आपोआप माझ्या तोंडून निघालं, सवारी बसली का? बाबांनी मागे वळून पट्टा ओढून बघितला. बोरगावच्या अंगणात सगळे होते. आत्या, आदल्या दिवशीच तिथं पोचलेली आई, ओट्यावर मोठी आई, आणि तो फार्मवाला. त्याच्या हातात नवी साखळी होती, चकचकीत, खरोखरच लांब. माणूस वाईट नव्हता, टिकलीसाठी बिस्किटंही आणली होती त्यानं. मी मागचं दार उघडलं. पट्टा सोडला. निवारीवर मोठ्या बाबांच्या हाताचा काळा डाग आहे, ऑइलचा, तो माझ्या अंगठ्याखाली आला. टिकली समोर बघत बसून होती. “उतरत नाही का?” फार्मवाल्यानं विचारलं. आत्या म्हणाली, “भाऊच्याच आवाजानं उतरे ते. ओढून घ्या लागते आता.” तो पुढे आला आणि त्यानं तिच्या पट्ट्याकडे हात नेला. टिकलीनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, नागपूरच्या मैदानात बघितलं होतं तसं.

मी त्याचा हात बाजूला केला. रस्त्याकडे बघितलं, एक मोटारसायकल येत होती, ती जाऊ दिली. मग अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

“उतर वो माय. सावकाश... घाई नाही आपल्याले.”