पूजा किती वेळ चालते?

प्रॉपर्टी टॅक्स थकला म्हणून इथे अमेरिकेत काउंटीचा जो अधिकारी आमच्याकडे यायचा, तो आधी बूट काढायचा आणि मग जप्तीचा कागद. एका मोज्याला कायम भोक. सोफ्यावर टेकण्याआधी विचारायचा, "बसू ना? हाही यादीत आहे." आईचा चहा फुंकून प्यायचा, दुसरा कपही घ्यायचा.

आठ महिने बेकार राहून मला नोकरी लागली होती, पहिला पगार शुक्रवारी होता. ते मी त्याला सरळ सांगितलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. रडून सवलत मागणं मला जमत नाही.

तरी दसऱ्याला, बुधवारी, तो आमची गाडी उचलून न्यायला टोइंगचा ट्रक घेऊन आलाच. गाडी गेली तर कामावर जाणार कशी? आई नेमकी त्याच गाडीला झेंडूचा हार घालून ओवाळत होती.

त्याने टोपी काढली. ट्रकवाल्याला म्हणाला, "प्रार्थना चालू असताना नेता येत नाही." मग मला, "किती वेळ चालते?"

"दहा मिनिटं," मी खरं सांगितलं.

"गधडे!" आई पुटपुटली.

"नीट आठवा, मॅडम," तो टोपीत बघत म्हणाला. "शुक्रवारपर्यंत चालते का?"

आईला इंग्रजी जेमतेमच कळतं. पण 'टेन मिनिट्स' कळलं होतं, 'फ्रायडे'ही कळलं. तिने नवी उदबत्ती पेटवली.