मादुकाचा हात आणि उझोमाची बोहणी

तर मादुका त्या दिवशीही उडालाच्या झाडाखाली ताटकळत उभा होता. समोर उझोमाची चूल पेटलेली, कढईत तेल तापलेलं, वाटलेल्या चवळीचा मोठा टोप शेजारी तयार. एकदा का तिनं अकारे, म्हणजे चवळीची भजी, सोडायला सुरुवात केली की ते टम्म फुगून वर येतात आणि त्यांच्या वासानं झोपलेला माणूस उठून बसतो. मादुका तर पहाटेपासून जागाच होता. भूक सपाटून लागली होती, खिशात नाणी होती, आणि तरी गडी दूर उभा. का, तर बोहणी व्हायची होती. बोहणी झाल्याशिवाय मादुकानं कुणाच्या मालाला हात लावायचा नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. आणि खुद्द मादुकाला सगळ्यांत जास्त.

आता हातगुण म्हणजे हातगुण, त्यात वाद कसला घालायचा? एकदा त्यानं एका कापडवालीकडे सकाळचं पहिलं लुगडं घेतलं, तर दुपारी वावटळीनं तिचं छप्पर उचलून ओढ्यात नेऊन टाकलं. पुढं एका म्हाताऱ्याकडे पहिलं कोनफळ घेतलं, तर ताडफळांची लॉरी मागे येता येता उरलेल्या ढिगावरच चढली. तिसरी हकिगत तपकीरवालीची. ती म्हातारी अजून आहे, पण मादुकाचं नाव काढलं की आधी थुंकते आणि मग सांगायचं विसरते.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. मादुका चिडायचा नाही, कारण तो स्वतःच शकुन-अपशकुनाच्या बाबतीत सगळ्यांचा गुरू. उखळं कोरायचा धंदा. पण रानात लाकूड आणायला निघाला आणि डाव्या पायाला ठेच लागली की गडी कुऱ्हाडीसकट घरी परत. उजव्याला लागली की खूश, कारण उजवा पाय त्याचा लाभाचा. त्याच्या चुलतभावाचं नेमकं उलटं, त्याला डावा लाभायचा. त्यामुळे दोघं मिळून निघाले की वाटेतला कुठलाही दगड एकाला तरी माघारी पाठवायचाच. शेवटी दोघांनी एकत्र जाणंच सोडलं.

बोहणीसाठी उभं राहायला मादुकाची ना नव्हती. त्याचं दुखणं वेगळंच होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुली आपापल्या घरी होत्या. उझोमाही एकटीच. तिचा नवरा पोरं लहान असतानाच गेला, पोरं मोठी होऊन शहरात गेली. मादुकाला ती मनापासून आवडायची. पण सोयरीक मागायची तर कोलाचं फळ घेऊन तिच्या भावाच्या दारी जायला हवं. आणि मादुका उडालाखाली उभा राहून रोज एकच विचार करायचा, 'जी बाई सकाळी माझ्या हातचं नाणं घेत नाही, ती माझ्या हातचा कोला काय घेणार?'

एरवी बोहणीला ओबियागेली असायची. भरल्या अंगाची, हसऱ्या तोंडाची बाई. तिचा हात लागला की टोप बघता बघता रिकामा. पण ती लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली होती. आणि त्या दिवशी शेजारच्या गावात एका बड्या असामीच्या मयतीचं जेवण. तिथं बैल कापणार म्हणून अख्खा गाव उजाडायच्या आत उपाशीपोटी तिकडे पळाला. उझोमाला वाटलं होतं, लोक निघताना चार अकारे तोंडात टाकून जातील. म्हणून तर तिनं रोजच्या दुप्पट चवळी वाटली.

ऊन वर आलं तरी रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाटलेली चवळी आंबायला लागली. झाडाखाली एकटा मादुका.

"मी जातो गं," तो म्हणाला. "माझ्याकडे बघून उगाच तुझ्या जिवाला घोर."

"जाताय कुठं? एवढ्याचं मी काय करू? डोक्याला चोपडू?" उझोमा झारा आपटत म्हणाली. "असं करा, नाणं खाली जमिनीवर ठेवा. मी मागून उचलीन."

"जमिनीवर ठेवणारा हात कुणाचा?"

"मग डाव्या हातानं द्या. खोट उजव्यातच असेल."

"डाव्या हातानं?" मादुकाला खरंच लागलं. "बाईमाणसाला डाव्या हातानं द्यायला मला काय आईबापानं वळण लावलं नाही?"

"बरं बाबा, चुकलं. फुकट देते, गुपचूप खा."

"फुकट खायला मी भिकारी नाही."

"विकत चालत नाही, फुकट चालत नाही!" उझोमा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, मग घरची माणसं कशी खातात? ती काय बोहणी करतात?"

बोलून गेली आणि जीभ चावली. मादुका तिच्याकडे बघतच राहिला.

"बघता काय असे? तेल जळतंय," ती म्हणाली. "या इकडे, चुलीमागे. गिऱ्हाइकं पुढं बसतात."

मादुका चुलीमागे जाऊन तिच्या पाटावर बसला. तिनं अकारे तळले, मक्याची आंबील वाडग्यात ओतली, आणि त्यानं खाल्लं. नाण्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.

आणि दुपारी बघा काय झालं! मयतीच्या घरी पाहुणे लोटले होते ढीगभर, आणि बैल निघाला रोडका. गावकरी रस्सा हुंगून परत आले, ते थेट उझोमाच्या चुलीवर तुटून पडले. टोप खरवडून निघाला. मादुका चुलीमागे लाकडं सारत होता, त्याच्याकडे बघायला कुणाला सवड होती!

पुढच्याच बाजाराला तो कोला आणि ताडीचं मडकं घेऊन उझोमाच्या भावाच्या अंगणात हजर. भाऊ कोलाकडे असा बघत होता, जणू त्यातून विंचू निघणार. "उझोमा, हात कुणाचा आहे ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. तू घे मुकाट्यानं," उझोमा म्हणाली. तिनं ताडीचा पेला भरून घेतला, सगळ्यांच्या देखत एक घोट घेतला आणि सरळ मादुकाच्या हातात दिला. त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. झालं, सोयरीक पक्की.

ओबियागेली नातवाचं कौतुक आटोपून परत आली, तेव्हा मादुका चुलीमागे ऐसपैस बसलेला. ती कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली. "अगं बाई! हा इथं? म्हणजे मी नव्हते तेवढ्यात याचा हात सुधारला म्हणायचं?"

मादुकानं हातातला अकारा हळूच वाडग्यात परत ठेवला आणि म्हणाला, "हात तोच आहे हो, बाई. मी गिऱ्हाईक राहिलो नाही एवढंच. पण आता तुम्ही आलाच आहात तर आधी तुम्ही घ्या, मग मी खातो. उगाच कशाला!"