पहिल्या नंबरात आलेली माती

आसाराम मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो माझं रान चाखत होता. कोल्हारला मी नुकताच त्याचा बांधशेजारी झालो होतो. गड्याने माझ्या वावरातलं ढेकूळ फोडलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं, समाधी लावली आणि मग अशी पिंक टाकली की प्रवरेला पूर आल्याची अफवा गावात उठली असती.

"खारट हाय. फसलात, भाऊ!"

त्याच्या स्वतःच्या रानात तीन तऱ्हा. वर मुरमाड, मधे काळीभोर, आणि खाली रस्त्याकडेला चोपण. पावसात साबणासारखं निसरडं, उन्हाळ्यात पांढरा खार फुटणारं. काळीत ऊस होता. आता मालनबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, डाळिंब लावायचं होतं. पुणतांब्याच्या बहिणीकडून कलमं आणून तिने ती लेकरांसारखी सावलीत जपली होती.

"वर मुरमात लावू. पानी साचत न्हाई," ती म्हणाली.

"दगडात? अन् बघनार कोन, घारी? बाग रस्त्यावरून दिसाया पायजे!"

शेवटी ठरलं, खालच्या चोपणाची माती तपासायची. अहवाल सांगेल तसं करायचं. आसारामने घमेलं उचललं आणि सरळ गोठ्यामागचा उकिरडा गाठला. तिथली मऊ, काळी माती त्याने मालनबाईच्या पिठाच्या चाळणीतून चाळली.

"आवो, खालची न्या की!"

"येडी का काय तू? पाव्हनं पोरगी बघाया आलं, तर तिला फाटक्या लुगड्यात बसवतो का आपन?"

अहवाल आला. सेंद्रिय कर्ब भरपूर, खार नाही, माती उत्तम. आसारामने पेढे वाटले, अहवालाला प्लास्टिकचं वेष्टन घालून तो ओटीवर देवांच्या रांगेत टांगला. मलाही ओढत नेऊन दाखवला.

"बघा भाऊ, पहिला नंबर!"

"उकिरड्याचा नंबर हाय त्यो," आतून मालनबाई कडाडली. "चोपनातल्या झाडांना वाचता येतंय व्हय?"

"बाईमानसाला मातीतलं काय कळतं?" असं म्हणून या मृदाशास्त्रज्ञाने कलमं खाली नेली. रस्त्यावरून ती छान दिसत. एसटीतले लोकसुद्धा बघत, असं तो सांगायचा.

श्रावणात झड लागली आणि चोपणात पाणी तुंबून राहिलं. दिवाळीच्या आत सगळी कलमं मेली. मालनबाईने पुन्हा डाळिंब लावलं नाही.