मामांनी केलेलं बाशिंग

मेढ्याच्या आमच्या मामांइतका सावकाश माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात सापडायचा नाही. हा माणूस फौजेत पळत कसा असेल, हे कोडं माझ्या आईला, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीला, अजून सुटलेलं नाही. पेन्शनीवर घरी आले आणि त्यांनी बोटभर कात्री हातात धरली. पतंगी कागदाच्या आठ घड्या घालायच्या, श्वास रोखायचा आणि कातरायचं. उलगडलं की मोर, वेली, जाळी. असे थरावर थर चिकटवून ते नवरदेवाच्या कपाळावरचं बाशिंग करत. खळ स्वतः शिजवणार, आणि कुणी चुकून पंखा लावला तर दोन दिवस अबोला. भर मे महिन्यात मामी पदरानं वारा घेत म्हणायच्या, "आवं, कागदापायी माणसं उकडून काढताय व्हय?"

माझं बाशिंग त्यांनी मी दहावीत असतानाच करायला घेतलं. नवरी तर सोडाच, मला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. दर दिवाळीला मी सांगलीहून गेलो की आधी दोऱ्यानं डोक्याचं माप. माप वाढलं की वर्षभराचं काम मोडून पुन्हा पहिल्यापासून. "डोस्कं लय वाढवाय लागलास गड्या," असं वर मलाच दटावणार. पुढं डोकं वाढायचं थांबलं, पण लग्न ठरेना. ऊस कितीही असू दे, शेतकरी नवरा नको, हे ऐकता ऐकता मी पस्तिशीला आलो. इकडे मामांची नजर अधू होत चाललेली. "मला दिसतंय तवर उरक रं," ते एकदा म्हणाले. मी मोठ्या तोंडानं सांगून बसलो, पुढच्या दिवाळीच्या आत उरकतो. त्यानंतर तीन दिवाळ्या गेल्या. त्याची चुटपुट मला अजून आहे.

गेल्या वर्षी एकदाचं जमलं. मित्रांनी तुऱ्याचा फेटा भाड्यानं आणला होता, तो मी बाजूला ठेवला. मामी मामांना हाताला धरून मांडवात घेऊन आल्या. आता मामांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. मामांनी बाशिंगाचा डबा उघडून दिला आणि माझ्या भावानं ते माझ्या कपाळाला बांधलं. मामा पुढे सरकले. माझं कपाळ, कानशिलं, मोरांच्या माना दहाही बोटांनी चाचपत राहिले.

"डावीकडं जरा उतारलंय," म्हणाले आणि त्यांनीच ते सरळ केलं. मग हळूच विचारलं, "कसं दिसतंय रं?"

मी त्यांचे दोन्ही हात धरून माझ्या चेहऱ्यावर ठेवले. फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. त्यात माझा चेहरा नाहीच, नुसते मामांचे हात आहेत. घरात आम्ही लग्नाचा म्हणून तोच फोटो लावलाय.