तिसऱ्यांदा सैल होणार नाही

अख्ख्या पुण्यात माझ्या पोटाविषयी तोंडावर खरं बोलणारा माणूस एकच, आमचे टेलरमास्तर. सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या खाली त्यांचं दुकान आहे आणि वरच्या डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, याविषयी मास्तरांच्या मनात तिळमात्र शंका नाही. "डॉक्टर माणसाला आजारी पडल्यावर बघतात. मी त्याची कंबर तीस वर्षं बघतोय," असं ते टेप गळ्यात अडकवत सांगतात. पूर्वी बत्तीसची कंबर सर्रास यायची, आता कॉलेजातली पोरंही अडतीसच्या खाली बोलत नाहीत, ही त्यांची रोजची तक्रार. माप देताना कुणी पोट आत ओढलं, की मास्तर टेप तशीच धरून शांत उभे राहतात. "सोडा श्वास. मला घाई नाही." एका नवरदेवाला तर त्यांनी विचारलं होतं, "अहो, बटणं अक्षतांपर्यंत टिकायला हवीत, की पंगतीपर्यंत?" गिऱ्हाईक तुटलं. मास्तरांना त्याचं काही नाही.

गेल्या वर्षी मी एकच पँट तिसऱ्यांदा सैल करायला घेऊन कोथरूडहून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती उलटी करून शिवण पाहिली आणि घडी घालून परत दिली.

"नाही करणार."

"आत कापड उरलं नाही का?"

"कापड आहे. पण दुकानाच्या चार पायऱ्या चढताना तुम्हाला धाप लागली. आधी वर डॉक्टरांना दाखवा."

"मास्तर, तुम्ही कपडे शिवता!"

"म्हणूनच दिसतं. नसेल पटत, तर दुसरा टेलर बघा."

निव्वळ त्यांना खोटं पाडायला मी तणतणत वर गेलो. डॉक्टरांनी ईसीजी काढला, पुन्हा एकदा काढला आणि मला जागचं हलू दिलं नाही. दोन दिवसांत अँजिओप्लास्टी झाली.

हिंडूफिरू लागल्यावर मास्तरांसाठी पेढे नेणार होतो. बायकोने डोळे वटारले, म्हणून पेरू नेले. वाटलं, आता हे महिनाभर मिरवणार. पण त्यांनी मशीन थांबवलं आणि मला स्टुलावर बसवलं.

"माझा थोरला भाऊ तुमच्याच अंगाचा होता," ते म्हणाले. "खाण्याचा भारी शौकीन. दर दिवाळीला पँट सैल करायला यायचा. मी चेष्टा करायचो आणि करून द्यायचो. शेहेचाळिसाव्या वर्षी गेला, भरल्या ताटावरून."

मास्तर बराच वेळ हातातला पेरू पुसत राहिले.

"एकदाही नाही म्हटलं नाही हो मी त्याला."